टाइल्सच्या जॉइंटचं कलर सीलिंग: फरशी सफाईच्या कामात ही सेवा जोडावी का?

चकचकीत (बेळगाव)

मंडळी, घरं आणि मंगल कार्यालयांच्या फरश्या मशीनने घासून द्यायचं काम आहे. 17 इंची सिंगल डिस्क मशीन, पाणी ओढणारं व्हॅक्यूम आणि दोन माणसं, एवढा पसारा. टाइल लखलखीत निघते, पण जॉइंट काळपट राहतात आणि गिऱ्हाईक बोट नेमकं तिथेच ठेवतं. टिळकवाडी, शहापूरकडच्या घरांत आता लोक विचारायला लागलेत की जॉइंटला रंग मारून मिळतो का. ब्रशने जॉइंटवर बसवायचा, वाळल्यावर पाणी आणि डाग आत जाऊ न देणारा तो रंगीत सीलर, त्याबद्दल विचारतोय. जॉइंटमधल्या भरावावर, म्हणजे ग्राउटवर, रेघ ओढायच्या ग्राउट पेनबद्दल नाही.

कुठल्या जॉइंटवर तो टिकतो आणि कुठे नाही? आधीची सफाई किती खोल हवी, बाजारातलं साधं ऍसिड चालेल का? माल किती लागतो, भाव स्क्वेअर फुटावर सांगायचा की कसा? गणपतीआधीच्या ऑर्डरी डोक्यावर आहेत, म्हणून जरा नेमकं सांगा.

ओळंबा

रंगाची बाटली आणायच्या आधी जॉइंटमध्ये काय भरलंय ते ओळखायला शिका. या धंद्यात पैसे बुडतात ते इथंच.

आपल्याकडच्या जुन्या कामांत ग्राउट कमी आणि व्हाइट सिमेंटच जास्त सापडतंय. स्पेसर (टाइल्समध्ये सारखी फट राखणारे प्लास्टिकचे तुकडे) न लावता टाइलला टाइल भिडवायची, वरून व्हाइट सिमेंटचा घोळ फडक्याने ओढायचा, फार तर त्यात थोडा ऑक्साइड रंग. तो माल जॉइंटमध्ये मिलिमीटर-दोन मिलिमीटरच उतरलेला असतो. त्यात वाळू नाही, पकड देणारं पॉलिमर नाही. वाळताना आकसतो, बारीक तडे जातात, मग वरचा थर पुडीसारखा सुटत राहतो. सीलर त्या पुडीला छान धरतो, पण पूडच जॉइंटला धरत नाही, आणि दोन महिन्यांत रंगाची पापडी निघते. गिऱ्हाईक म्हणणार रंग खराब होता. रंग चांगलाच होता, खालचा पाया नव्हता.

तेव्हा भाव सांगायच्या आधी चार ठिकाणी तपासा: ओट्यासमोर, दाराच्या उंबऱ्याशी, हॉलच्या मधोमध आणि कपाटाखाली जिथं कुणाचा पाय पडत नाही तिथं.

किल्लीचं टोक जॉइंटमधून जरा दाबून ओढा. नुसता ओरखडा उठला तर ठीक. पूड निघाली, वाळू सुटली तर रंगाचं काम घेऊ नका. मग पाण्याचा थेंब टाका. मिनिटभरात शोषला आणि जॉइंट गडद झाला म्हणजे भोकं उघडी आहेत, सीलर धरेल. थेंब तसाच गोळा होऊन बसला तर तीन शक्यता: वर तेलाचा थर, आधी कुणी पारदर्शक सीलर मारलेला, किंवा ते इपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी राळेचं) आहे. तेल असेल तर धुतल्यावर थेंब शोषला जातो. नाही शोषला तर ऍसिडचा एक थेंब टाकून बघा. सिमेंट असेल तर फसफसतं. इपॉक्सी ढिम्म राहतं आणि बोटाला प्लास्टिकसारखं गुळगुळीत लागतं. मात्र वर सीलर असेल तर ऍसिडही खाली पोहोचत नाही, म्हणून आधी तिथं किल्लीने ओरखडा काढून मग थेंब टाका. इपॉक्सीवर हा रंग धरत नाही, ते नुसतं साफ करून द्यायचं.

चौथी तपासणी टाइलची. ब्रशच्या लाकडी दांड्याने ठोकत जा. पोकळ वाजणारी टाइल पाय पडला की हलते, तिच्या कडेचा जॉइंट तडकतो आणि रंगही तडकतो. अशा टाइल्स खडूने खुणा करून गिऱ्हाइकाला आधीच दाखवायच्या.

शहाबादी, कडप्पा, कोटा, संगमरवर, मोझॅक, सिमेंटच्या टाइल्स आणि बिनग्लेझच्या (वर काचेसारखा थर नसलेल्या) मातीच्या टाइल्स यांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. शहाबादी आणि कोटा चुनखडीचे, संगमरवरही त्याच जातीचा, ऍसिड लागलं की चकाकी जाते. आणि पृष्ठभागाला भोकं असल्यामुळे जास्तीचा रंग पुसताना तो टाइलमध्येच मुरतो. पॉलिश केलेल्या व्हिट्रिफाइड टाइलमध्येसुद्धा डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं असतात. कोपऱ्यात परमनंट मार्करची रेघ मारून पाच मिनिटांनी स्पिरिटने पुसा. सावली राहिली तर गडद रंग त्या घरात नको.

भिंत आणि फरशी मिळते तो कोपरा, बेसिनची कड, दाराच्या चौकटीचा तळ: तिथं सिलिकॉन असलं पाहिजे. सिलिकॉनवर काहीही धरत नाही. तिथं ग्राउट भरलेलं असेल तर ते तडकणारच, रंग मारून ते थांबत नाही.

सोडा आणि साबण

ओळंबा यांनी पाया सांगितला, मी धुण्याचं सांगतो. क्रम आधी खार (सोड्याचं पाणी), मग ऍसिड. उलटं केलंत तर ऍसिड तेलाच्या थरावरून घरंगळून जातं आणि खाली काहीच होत नाही.

एक लिटर गरम पाण्यात 50 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि चमचाभर लिक्विड साबण. तयार अल्कलाइन फ्लोअर क्लीनर असेल तर त्यावर लिहिलेलं प्रमाण पाळा. जॉइंटवर ओतून 10 ते 15 मिनिटं राहू द्या, पण वाळू देऊ नका. वाळलं की सुटलेला मळ परत चिकटतो. जाड नायलॉनच्या अरुंद ब्रशने जॉइंटच्या दिशेने घासा. तुमच्या 17 इंची मशीनचा ब्रश टाइल घासतो, जॉइंटच्या तळाला त्याचे केस नीट पोहोचत नाहीत, त्यामुळे हाताचा ब्रश टळत नाही. तारेचा ब्रश वापरू नका. तारेचे तुकडे जॉइंटमध्ये राहून गंजतात आणि ग्लेझवर काळ्या रेघा उठतात.

मळकट पाणी व्हॅक्यूमनेच ओढायचं. पोचा मारला तर ते पाणी सर्वात खोल जागी जाऊन बसतं, म्हणजे जॉइंटमध्येच. स्वयंपाकघरात ओट्याच्या दोन-तीन फुटांत फोडणीच्या तेलाचा चिकट थर असतो, तिथं हे सगळं दोनदा.

आता ऍसिड. किराणा दुकानात बाटलीत मिळतं ते बहुतेक हायड्रोक्लोरिक. त्याची वाफ नळाचं क्रोम, जाळी आणि दाराच्या बिजागऱ्या खाते, आणि ऍसिड स्वतः ग्राउटमधलं सिमेंट इतक्या झपाट्याने खातं की वाळू मोकळी होते. म्हणजे चांगला जॉइंट तुम्हीच पूड करून ठेवता. त्याऐवजी सल्फॅमिक ऍसिड घ्या. पांढरे स्फटिक असतात, केमिकलच्या दुकानात किलोवर मिळतं. लिटरला 50 ग्रॅम पुरे. ते पाण्यात टाकायचं, त्यावर पाणी ओतायचं नाही. लावण्याआधी जॉइंट साध्या पाण्याने भिजवून घ्या, म्हणजे ऍसिड वरच्या थरातच काम करेल, खोल शोषलं जाणार नाही. तीन ते पाच मिनिटं, फेस थांबेपर्यंत. घासा, ओढा, मग लिटरला 20 ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, शेवटी साध्या पाण्याने दोनदा. ओल्या जॉइंटवर पीएच पेपर टेकवा: 7 ते 8 दिसलं पाहिजे. त्याखाली असेल तर आत ऍसिड उरलंय आणि रंग मागाहून सुटेल.

हातमोजे, चष्मा, खिडक्या उघड्या. आणि ऍसिडच्या कामात ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचची बाटली घरात फिरकूही देऊ नका, क्लोरीन वायू तयार होतो. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी घरच्यांनी ब्लीच टाकून ठेवलेलं असतं, ते आवर्जून विचारा.

खानापूरकडची लाल धूळ जॉइंटमध्ये बसते तो लोहाचा डाग. सोड्याने तो पूर्ण जात नाही आणि जायची गरजही नाही, रंग त्याला झाकतो. जॉइंट तेल-साबण-क्षार यांच्यापासून मोकळा झाला की पुरे; तो पांढराशुभ्र करण्यात दुपार घालवू नका.

धुतल्यावर निदान 24 तास वाळवण. मग रंग. बाटली चांगली हलवा, कारण रंगद्रव्य तळाला बसतं. वाटीत एका वेळी 30 ते 50 मिलीच काढा. दात घासायच्या ब्रशएवढ्या नायलॉन ब्रशने मीटर-दीड मीटरचा पट्टा घ्या, मागे-पुढे करत रंग जॉइंटमध्ये रगडा, नुसता फासू नका. दोन पातळ हात चांगले, एक जाड हात सोलून निघतो. बाटलीवर लिहिलेल्या वेळेनंतर, साधारण 5 ते 15 मिनिटांत, पिळलेल्या मायक्रोफायबरने टाइलवरचं पुसा. फडकं जॉइंटला तिरपं चालवायचं. जॉइंटच्या दिशेने चालवलं की आतला रंग ओढून निघतो. एप्रिल-मेमध्ये रंग तीन-चार मिनिटांतच ओढतो, तेव्हा पट्टा अर्धा मीटर करा आणि रंग लावताना पंखा बंद ठेवा. पहिला हात वाळल्यावर, तास-दोन तासांनी दुसरा.

पहिले 24 तास पाणी नाही, आठवडाभर कुठलाही क्लीनर नाही. बाटलीवर याहून जास्त लिहिलं असेल तर बाटली खरी.

चकचकीत (बेळगाव)

हे छापून भिंतीवर लावतो. दोन शंका. पूड निघणारं व्हाइट सिमेंट असेल तर त्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवायचं का? आणि भावाचं कुणीच बोललं नाही.

ओळंबा

रिकाम्या हाताने कशाला? जुना माल उकरून नवीन ग्राउट भरायचं काम वेगळं द्या, त्याचा भाव वेगळा. जॉइंट 2 मिलिमीटर किंवा जास्त रुंद असेल तर जमतंय. टाइलच्या जाडीच्या दोन तृतीयांश खोलीपर्यंत उकरा, व्हॅक्यूम मारा, कडा ओलसर करून पॉलिमर ग्राउट भरा. हवा तो रंग ग्राउटमध्येच मिळत असेल तर वर सीलर कशाला? तरी मारायचाच असेल तर ग्राउटच्या पाकिटावर लिहिलेले दिवस थांबा.

टाइलला टाइल भिडलेली असेल तर उकरायला मल्टिटूलचं पातळ पातं लागतं आणि ग्लेझची कड उडायची भीती असतेच. नवख्या माणसाने ते घेऊ नये. अशा घरात चांगलं धुऊन द्या आणि मोकळे व्हा.

निपाणीचा हिशेबी

भावाचं मी बोलतो. स्क्वेअर फुटावर भाव दिलात तर लहान टाइलच्या घरात मार खाल आणि मोठ्या टाइलच्या घरात महाग ठराल. रंग जॉइंटला लागतो, तेव्हा मोजायचा जॉइंट.

सूत्र सोपं आहे. टाइलची लांबी अधिक रुंदी, भागिले लांबी गुणिले रुंदी, सगळं फुटांत. आलेला आकडा म्हणजे दर स्क्वेअर फुटामागे किती रनिंग फूट जॉइंट.

2×2 फुटी टाइल: 4 भागिले 4, म्हणजे 1 फूट.
1×1 फुटी: 2 फूट.
4×2 फुटी: पाऊण फूट.
12×18 इंची भिंतीची टाइल: 1.67 फूट.
8×8 इंची जुनी टाइल: 3 फूट.
4×4 इंची: 6 फूट.

आता 10×12 चं स्वयंपाकघर, 1×1 ची टाइल: 120 स्क्वेअर फूट, 240 रनिंग फूट, म्हणजे 73 मीटर. शेजारचा 300 स्क्वेअर फुटांचा हॉल, 2×2 ची टाइल: 300 रनिंग फूट, 91 मीटर. हॉल अडीचपट, जॉइंट मात्र फक्त सव्वापट. शिवाय स्वयंपाकघराला तेल काढायची मेहनत जास्त. स्क्वेअर फुटाच्या एकाच भावात हे दोन्ही कसं बसणार?

माल: 3 मिलिमीटरच्या जॉइंटला दोन हात धरून, पुसण्यात जातो तो धरून, मीटरला 4 मिली पकडा. हात बसला की 3 वर येतो. वरचं स्वयंपाकघर 300 मिलीच्या आसपास. जॉइंट 5 मिलिमीटरचा असेल तर दीडपट. एका घराला लागणारा सगळा माल एकाच बॅचचा घ्या. अर्ध्यावर दुसरी बॅच आली तर उन्हाच्या कवडशात फरक दिसतो.

वेळ: नवा माणूस तासाला 25 ते 30 मीटर, लावणं-पुसणं मिळून, एका हाताचं. 73 मीटर दोनदा म्हणजे साडेपाच तासांच्या घरात, आणि धुण्याचा दिवस वेगळा. मजुरीचा दर तुमच्या गावचा, त्यात माल, येणं-जाणं आणि दुसऱ्या खेपेची वेळ मिळवा, मग रनिंग फुटावर आणा. दोन खेपा लागतात हे लोक विसरतात: आज धुणं, उद्या नाहीतर परवा रंग. म्हणून कितीही छोटं काम असलं तरी खालची एक ठोक रक्कम ठरवून ठेवा. एका बाथरूमसाठी बेळगावहून हुक्केरीला दोनदा गेलात तर पेट्रोलच निघेल.

रंगाची निवड गिऱ्हाइकावर पूर्ण सोडू नका. पांढरा मागतात सगळे. पांढऱ्याला जुन्या काळ्या जॉइंटवर तीन हात लागू शकतात आणि पायाचा मळ त्यावर लगेच दिसतो. मधला ग्रे किंवा बिस्किटी सांगा. फिक्या टाइलला गडद जॉइंट मागितला तर कडा आधी बघा: उडालेल्या कडा आणि वाकडी लाइन गडद रंगात उठून दिसते.

कागदावर एवढं असू द्या: रनिंग फूट, रंगाचं नाव, बॅच नंबर, पोकळ टाइल्सच्या खुणा, आधीचे फोटो आणि हार्पिकसारखं ऍसिड वापरल्यास हमी नाही ही ओळ. कागद मराठी आणि कन्नड दोन्हीत छापा, सही करणाऱ्याला वाचता आलं पाहिजे. निव्वळ सेवेची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि चंदगड, गडहिंग्लजला जाऊन सेवा दिलीत तरी राज्य बदललं एवढ्यानेच ती सक्ती येत नाही. माल सुटा विकायला लागलात की नियम वेगळे, तेव्हा आपल्या सीएला विचारा.

लोंढा लाइन

गणपतीआधीच्या ऑर्डरी रंगासाठी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत. वरच्यांनी 24 तास वाळवण लिहिलंय ते उन्हाळ्याचं गणित. जून ते सप्टेंबर खानापूर-जांबोटी पट्ट्यात हवाच ओली असते, बेळगाव शहरातही झड लागली की टॉवेल वाळत नाही. जॉइंट वरून कोरडा दिसतो, आत पाणी असतं. वर रंगाचा थर बसला की ते बाहेर पडायला बघतं आणि फोड येतात.

तळमजल्याला तर हमखास तपासा. 18 इंच चौरस प्लास्टिकचा कागद फरशीवर चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, 16 तास ठेवा. उचलल्यावर आतून बाष्प किंवा जॉइंट गडद दिसला तर ओल खालून येतेय. जुन्या घरांत फरशीखाली ओल अडवणारा थर बहुधा नसतो. पाणी वर येताना क्षार घेऊन येतं, सुकलं की पांढरं मीठ रंगाच्या खालीच जमतं आणि रंग उचलून टाकतं. अशा घरात मे महिन्यात काम केलं तरी पहिल्या पावसाळ्यात तक्रार येणार.

अथणी-रायबागकडे हवा कोरडी, पण तिथं बोअरचं पाणी जड. शेवटचं धुणं त्याच पाण्याने केलं की जॉइंटवर क्षार राहतो. शेवटच्या दोन धुण्यांना नळाचं किंवा आरओचं पाणी वापरा. रंग दिल्यानंतरही रोज बोअरच्या पाण्याने पोचा मारला की पांढरट थर चढतो आणि रंग गेला असं वाटतं. कोरड्या फडक्याने शेवटी पुसायला सांगा.

गणपतीला फक्त धुऊन द्या, रंगाचं बुकिंग दसऱ्यानंतरचं घ्या. सणात घरात आठ दिवस राबता, तेल सांडणार, पाणी सांडणार. ताज्या रंगाला त्यात आठवडाभर विश्रांती कोण देणार?

सोडा आणि साबण

एवढं सरसकट नको. पहिल्या-दुसऱ्या मजल्याचा हॉल, खाली ओल यायचा मार्ग नाही, ब्लोअर लावून दोन दिवस वाळवला आणि प्लास्टिकचा कागद कोरडा निघाला तर ऑगस्टमध्येही करता येतं. तळमजल्याबद्दल मात्र पूर्ण सहमत.

आणि न्हाणीघर. भिंतीवर चालेल. पण अंघोळीच्या जागेची फरशी, जिथं पाणी साचतं आणि मोरीकडे उतार नीट नाही, तिथं हा रंग देऊ नका. जॉइंट रोज तासन्‌तास भिजलेला राहतो, साबण आणि गरम पाणी बसतं, वर आठवड्याला ऍसिड. तिथं जुना माल उकरून इपॉक्सी ग्राउट हाच उपाय. इपॉक्सीला दोन भाग मोजून मिसळायचे असतात आणि मिसळल्यावर ते वेळेत संपवावं लागतं, तेव्हा तो माणूस वेगळा शोधा किंवा आधी हात बसवा.

चकचकीत (बेळगाव)

ठरलं. तळमजले दसऱ्यानंतर, दिवाळीच्या आधी, वरचे मजले तपासून, न्हाणीच्या फरश्या नाहीत. एकच राहिलं: पुसायला उशीर झाला आणि टाइलवर रंग वाळला तर?

सोडा आणि साबण

त्याच दिवशी असेल तर पांढरं नायलॉन पॅड, हिरवं नव्हे, जरा ओलं करून हलक्या हाताने गोल फिरवा. ग्लेझ टाइलवरून सुटतो. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकची पट्टी टाइलला आडवी धरून खरवडा, जॉइंटपासून दोन मिलिमीटर लांब. थिनर ओतू नका, तो जॉइंटमधल्या रंगातही घुसतो. खडबडीत मॅट टाइलवर वाळला तर निघणं अवघड, म्हणून मॅट टाइल असली की एका वेळी एकाच टाइलच्या चार बाजू घ्या, त्या पुसून झाल्याशिवाय पुढची नको.